ऑर्गनच्या मुठी ओढणारा

१२ जानेवारी

चि. भुंग्यास,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या पाठीसाठी आहेत, कारण आता तिची गरज पडणार आहे.

सभागृहातला पाइप ऑर्गन उभा राहिला! इतकी वर्षं ताडपत्रीखाली पडून होता, आता ती सगळी भिंत चकाकते आहे. काल मी पहिल्यांदा बाकावर बसले. सगळ्यांत जाड पाइप बोलला तेव्हा आवाज आधी बाकाच्या लाकडातून अंगात आला आणि मग कानात. दुरुस्तीवाले काम थांबवून उभे राहिले. मला एका जागी बसवेना. घरी चालत आले, चप्पलही न काढता परत गेले आणि पुन्हा वाजवलं.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी उद्घाटनाचा कार्यक्रम आहे आणि तो मी करायचा आहे. समितीच्या अध्यक्षांना वाटत होतं, ऑर्गन म्हणजे बसलं आणि वाजवलं. त्यांना जवळ नेऊन दाखवलं, की दोन्ही बाजूंना या मुठींच्या रांगा आहेत. एक मूठ बाहेर ओढली की पाइपांची अख्खी ओळ बोलू लागते, आत ढकलली की गप्प बसते. माझे दोन्ही हात पट्ट्यांवर आणि दोन्ही पाय खाली पेडलांवर, तेव्हा मुठींना दुसरं माणूस लागतं. नव्या ऑर्गनांत बटण दाबलं की मुठी आपोआप हलतात. तशी सोय दुरुस्तीत करून घ्यायची का, असं त्यांनी मला आधीच विचारलं होतं. मीच नको म्हटलं. म्हटलं, मला भाऊ आहे.

तर एप्रिल लागताच ये. खुणा नेहमीच्याच, लाल पेन्सिल उजवीकडे आणि निळी डावीकडे. फ्रेमांचं दुकान तुझा मित्र सांभाळेल. भिंतीवरच्या माणसांना थोडे दिवस तिरकं लटकावं लागलं तरी ती तक्रार करत नाहीत.

लोभ मागत बसत नाही, तू तो घेऊनच ये.

तुझी ताई


२५ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. लांबूनच करतो आहे. जवळ येऊन केला की तू कामाला लावतेस.

पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं. ऑर्गन उभा राहिला हे वाचून हातातली काच खाली ठेवावी लागली. फार बरं वाटलं. वाजवणार तू, हेही बरोबरच. दुसरं कोण वाजवणार?

पण ताई, मी येणार नाही.

एप्रिलमध्ये आमच्याकडे झुंबड असते. शाळांतल्या वर्गांची छायाचित्रं, पदव्या, निवृत्त होणाऱ्या साहेबांची मानपत्रं, सगळ्यांना सगळं काचेत हवं असतं. मित्राला एकट्याला झेपणार नाही. शिवाय माझी पाठ. खालच्या ओळीतल्या मुठी वाकून ओढायच्या म्हणजे काय असतं हे तुला दिसत नाही, कारण तुझी नजर समोर असते. बटणांची सोय अजून होत असेल तर करून घे. नसेल तर माणूस शोध. दोन हात असलेली माणसं गावात पुष्कळ असतील.

इकडे बरं चाललं आहे. दुकानासमोर दातांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई सारखं काही ना काही फ्रेम करायला आणतात. मागच्या आठवड्यात जबड्याच्या आकृतीला सोनेरी फ्रेम करून दिली. तुला हसू यावं म्हणून लिहिलं. आलं का?

रागावायचंच असेल तर पत्रातून रागाव. अबोला नको.

तुझा भुंग्या


३ फेब्रुवारी

ती. आईस,

सा. न. वि. वि. मावशीलाही नमस्कार सांग आणि मी तिच्या गुडघ्याची आवर्जून चौकशी केली आहे असंही सांग, नाहीतर नंतर मला ऐकावं लागेल.

तुझ्या मुलाने मला चक्क नाही म्हटलं आहे. पाठीचं कारण दिलं, दुकानाचं दिलं आणि वर समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या जबड्याच्या फ्रेमेची गंमत लिहिली. आई, आम्ही दोघांनी मिळून किती ऑर्गन पालथे घातले आहेत! आपलं वाद्य काखेत मारून कुठे नेता येत नाही. जाऊ तिथे नवा ऑर्गन, नवा स्वभाव. पोचलो की मी पट्ट्या चाचपायची आणि त्याने मुठी. मी नुसती हनुवटी हलवली तरी त्याला कळायचं. दीड वर्षापूर्वी एकाएकी फ्रेमांचं दुकान काढायचं म्हणून निघून गेला, तेव्हा वाटलं, हौस फिटली की परत येईल. तोवर मी बटणांच्या ऑर्गनांवर कसंबसं निभावलं. या कार्यक्रमाला तो येणार नाही, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मी काय केलं? मला घरात बसवत नाही. कपाट लावते, पुन्हा उपसते. ओट्यापाशी उभी राहिले की टाचा आपोआप फरशीवर पेडलं वाजवतात. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या की सुतार बोलावला आहे का.

तू त्याला विचार. तुझं तो ऐकतो असं नाही, पण तुझ्यापुढे त्याला थापा मारता येत नाहीत.

माया तर तू पाठवशीलच, या वेळी तिच्याबरोबर थोडा धाकही पाठव. त्याला.

तुझी मोठी


१० फेब्रुवारी

चि. भुंग्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद आणि एक धपाटा. दोन्ही पोचल्याचं कळव.

ताईचं पत्र आलं. तुझी पाठ मी तुझ्या जन्मापासून ओळखते, तिच्यावर नाही ते आळ घेऊ नकोस. दुकानाचं कारण खरं असेल, पण पुरेसं नाही. मावशीचं म्हणणं, खरं कारण समोरच्या दवाखान्यात बसलेलं आहे. तसं असेल तर मला आनंदच आहे, पण त्यासाठी बहिणीला नाही म्हणायची काय गरज?

मी कुणाची बाजू घेत नाही. ती तिकडे येरझाऱ्या घालते आहे आणि तू इकडे हसरी पत्रं लिहितो आहेस. तुला लहानपणी ताप चढायला लागला की तू असेच विनोद करायचास. आम्हाला थर्मामीटर लागायचा नाही.

काय आहे ते मला लिही. तिला सांगणार नाही असं वचन देत नाही. सांगायचंच झालं तर नीट विचार करून सांगेन, एवढं देते.

इथे सगळं ठीक. मावशी मला बसू देत नाही आणि तिचा गुडघा तिला उठू देत नाही. आमचं मजेत चाललं आहे.

माया आहे तेवढीच आहे, नाही म्हटलंस म्हणून कमी होत नाही.

आई


२० फेब्रुवारी

ती. आईस,

सा. न. धपाटा पोचला, अजून दुखतो आहे.

बाबा आम्हाला त्याच सभागृहात घेऊन जायचे, आठवतं? तिथले म्हातारे वादक आम्हाला वर येऊ द्यायचे. ताईचे पाय पेडलांपर्यंत पोचत, माझे पोचत नसत, म्हणून तिला बाकावर बसवलं आणि मला मुठींपाशी उभं केलं. पुढे माझेही पाय वाढले, पण तोवर ती वाजवणारी आणि मी ओढणारा हे ठरून गेलं होतं. त्याचा मला राग नाही. खरंच नाही. तिचे हात तिचेच आहेत.

गोष्ट वेगळी आहे. आई, मी ताईचं वाजवणं कधी ऐकलेलंच नाही.

हसू नकोस. ऑर्गनच्या कुशीत उभं राहिलं की ऑर्गन ऐकू येत नाही. पट्ट्यांची खटखट येते, पेडलांची धपधप येते, हवेचा सुसकारा आणि ताईचा श्वास येतो. जवळचा पाइप कानात ओरडतो आणि लांबचे कुठेतरी लांब बोलत असतात. त्या सगळ्याचं मिळून जे काही होतं, ते पुढे लोकांकडे निघून जातं. त्यात माझं लक्ष पुढच्या खुणेवर. आत्ता वाजतंय ते माझ्यासाठी कधी नसतंच. आणि सतत वाटतं की उशीर होतोय. हात मुठीपर्यंत पोचतो तोवर ती पुढे गेलेली असते. ती कधी बोलली नाही, पण मला कळायचं. मग जेवताना, बसमध्ये, दाढी करताना, सगळीकडे तेच, की काहीतरी ओढायचं राहिलंय.

शेवटच्या दौऱ्यात कार्यक्रम संपल्यावर लोक डोळे पुसत बाहेर पडत होते आणि मी खुणांचे कागद गोळा करत होतो. त्यांना काय झालंय, हे मला कुणाला तरी विचारावंसं वाटलं. आयुष्यभर त्या घरात राहूनही ते घर मी पाहिलेलं नव्हतं. म्हणून निघालो.

फ्रेमेच्या कामात थांबावं लागतं. कोपरा चिकटवला की सुकेपर्यंत हात लावायचा नाही. सुरुवातीला मला ते सहन व्हायचं नाही, दुकानभर फिरत राहायचो. अजूनही रेडिओवर काही लागलं की हात उचलला जातो. परवा एका गिऱ्हाइकाच्या बगलेतल्या छत्रीची मूठ ओढली. ते गृहस्थ फ्रेम न घेताच गेले.

ताईला सांगू नकोस. तिला वाटेल मी तिच्या वाजवण्याला नावं ठेवतो.

तुझ्या धपाट्याला पात्र,
भुंग्या


५ मार्च

चि. भुंग्यास,

आशीर्वाद. अबोला धरलेला नाही, उशीर कामामुळे झाला.

माणूस मिळाला. निवृत्त रेल्वेवाले आहेत, उभं आयुष्य सिग्नलच्या केबिनमध्ये दांडे ओढण्यात गेलं. सगळे त्यांना केबिनकाका म्हणतात. मनगट असं, की पहिल्याच दिवशी एक मूठ उपटून हातात आली. मी खूण म्हणून मान हलवली, तर त्यांनी उलट मान हलवून मला नमस्कार केला. मग मला समजावलं, की त्यांच्याकडे आलेला निरोप आधी मोठ्याने परत म्हणायचा असतो, त्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही. तेव्हापासून मी खूण केली की उजवीकडची तिसरी बाहेर, असं सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल इतक्या जोरात जाहीर करतात आणि मग ओढतात. तोवर मी पुढच्या पानावर. मी सांगून पाहिलं की मनात म्हणा. आता मनात म्हणतात, पण ओठ हलतात आणि मला तेवढं थांबवत नाही.

माणूस मात्र सोन्यासारखा आहे. ठरल्या वेळेच्या आधी येऊन दारात उभे असतात.

एक विचारायचं आहे. शेवटच्या रचनेत दोन्हीकडच्या मुठी एकदम ओढायच्या असतात, तिथे तू काय करायचास? काका म्हणतात एका माणसाला ते शक्य नाही. मी म्हटलं, माझा भाऊ करायचा. त्यांनी विचारलं कसं. मला सांगता येईना. माझ्या शेजारीच उभा असायचास आणि मी कधी पाहिलंच नाही.

आई हल्ली फार जपून लिहिते. तू तिला काही लिहिलंस का?

ताई


१२ मार्च

ती. ताईस,

सा. न. केबिनकाकांनाही.

त्या पानावर असं. डावा हात तुझ्या पाठीमागून लांब करून डावीकडची मूठ धरायची, उजवीकडची उजव्या हाताच्या कोपराने हुकासारखी अडकवून ओढायची, आणि हे करताना हनुवटी तुझ्या डोक्यावर आपटू द्यायची नाही. काकांना पोट असेल तर जमणार नाही. मग एक मूठ अर्धं पान आधी ओढून ठेवायला सांग, कुणाला कळणार नाही. तुला कळेल, पण तू सहन कर.

आणखी लिहायला बसलो तर निघावंसं वाटेल, म्हणून थांबतो. शुभेच्छा.

भुंग्या


२४ मार्च

चि. मोठीस,

अनेक आशीर्वाद आणि एक सल्ला. आशीर्वाद फुकट आहेत, सल्ला ऐकावा लागेल.

भुंग्या तुझ्यावर रागावलेला नाही. तुझ्या वाजवण्याला नावंही ठेवत नाही. त्याने मला काय लिहिलं ते मी सांगणार नाही, पण तुला एक विचारते. तू बाकावर असतेस तेव्हा तो शेजारी उभा असतो. मग तो ऐकतो कधी?

मलाही हे कधी सुचलं नव्हतं. मी प्रत्येक कार्यक्रमाला पुढे बसून तुमची दोघांची पाठ पाहत होते आणि मनात म्हणत होते, माझी दोन्ही मुलं एकाच कामात आहेत, मला काय कमी. त्याच्या वाटचं ऐकणं कुणी ठेवलंच नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही.

तेव्हा त्याला बोलाव, पण कामाला बोलावू नकोस. बसायला बोलाव.

मला येता येणार नाही. मावशीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्याच आठवड्यात ठरली आहे. ती म्हणते तू जा, पण म्हणताना माझा पदर सोडत नाही.

तुम्हा दोघांवर सारखीच माया करणारी आणि त्यापायी दमलेली,
आई


६ एप्रिल

चि. भुंग्यास,

आशीर्वाद.

सोबत दोन तिकिटं आहेत. रांग बारावी, बरोबर मधोमध. एक तुझं. दुसरं कुणाचं ते मी विचारत नाही, जबड्याच्या फ्रेमेला विचार.

अट एकच. आधी वर यायचं नाही, मध्ये यायचं नाही, मुठींकडे बघायचंसुद्धा नाही. मी जिन्याच्या दाराला आतून कुलूप घालणार आहे आणि किल्ली काकांच्या खिशात राहील. ही थट्टा नाही. तू दिसलास की माझी हनुवटी हलेल आणि तुझा हात उचलला जाईल, आणि मग आपण दोघं पुन्हा तिथेच.

नाही आलास तरी चालेल असं लिहिणार होते. तसं लिहिता येत नाही.

ताई


२८ एप्रिल

ती. आईस,

सा. न. मावशीचा गुडघा कसा आहे? तू नव्हतीस म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

गेलो. डॉक्टरीणबाईही आल्या. त्यांनी पाइप ऑर्गन कधी पाहिला नव्हता. भिंत पाहून त्यांनी पहिलं हेच विचारलं, की हे सगळं आतून साफ कोण करतं.

सभागृह भरलेलं होतं. ताई बाकावर, पाठ आमच्याकडे, आणि तिच्या शेजारी खांबासारखे केबिनकाका. खुर्चीवर बसणं मला किती अवघड गेलं म्हणून सांगू! काकांनी हात उचलला की माझाही उचलला जाई. शेवटी बाईंनी माझ्या हातात आपली पर्स धरायला दिली. पहिल्या दोन रचना मी मुठींकडेच बघत घालवल्या. ऐकलं म्हणशील तर नुसता आवाज. एकावर एक आदळत होता, मला त्यातलं काहीच ओळखू येईना. वाटलं, माझेच कान वाया गेले.

मग संथ रचना सुरू झाली आणि तिच्या मध्येच एक सूर अडकला. कधी कधी पट्टी सोडली तरी पाइपाखालची झडप मिटत नाही आणि तो पाइप बोलतच राहतो. ताईने हात उचलले, पाय उचलले, काकांनी सगळ्या मुठी आत ढकलल्या, तरी सूर चालूच. लोकांना वाटलं तसंच असेल. बाईंनीही मला हळूच विचारलं की हा त्याचाच भाग आहे का.

आत शिरून ती झडप मोकळी करायची असते आणि ते काम नेहमी माझं होतं. काकांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. दुरुस्तीवाल्यांचे मुख्य पुढच्या रांगेतून उठून धावले, पण जिन्याच्या दाराला कुलूप. ते दार ठोकताहेत, काका किल्लीसाठी सगळे खिसे चाचपताहेत आणि सूर थांबत नाही. आई, पाइपांना हवा पुरवणाऱ्या पंख्याच्या मागच्या खोलीतून आत जायचा दुसरा रस्ता आहे. लहानपणापासून मला माहीत आहे. मी अर्धा उठलो. पर्स खाली पडली.

तेवढ्यात ताई वळली आणि तिने सगळ्यांना मोकळेपणाने सांगितलं, की एक पाइप हट्टाला पेटला आहे, त्याची समजूत घालून येते. मग ती स्वतःच बाजूच्या बुटक्या दारातून वाकून आत गेली. आत ती कधीच गेलेली नव्हती. मी तसाच अर्धा उभा. मागच्या माणसाने मला बसायला सांगितलं. आत्ता गेलो तर पुन्हा कधी बसणार नाही, एवढं एकच तेव्हा कळलं. बसलो. बाक रिकामा होता, शेजारी काका सरळ उभे आणि तो एकटा सूर चालूच होता. आधी लोक हसले, मग कुजबुजले, मग गप्प झाले. मी खुर्चीचे हात धरून बसलो होतो. आतल्या शिडीची एक पायरी हलते, एवढंच डोक्यात.

सूर थांबला. ताई बाहेर आली तेव्हा केसांत जळमटं आणि गुडघ्यापर्यंत धूळ. धापा टाकत बाकावर बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिने वळून पाहिलं नाही. बराच वेळ ती नुसती श्वास घेत राहिली. मग ती संथ रचना तिने पहिल्यापासून धरली.

ते मी ऐकलं, आई. त्याबद्दल लिहायचं तर मला येत नाही. बाईंनी नंतर सांगितलं की मी पूर्ण वेळ गुणगुणत होतो आणि पुढच्या रांगेतल्या आजींनी दोनदा वळून पाहिलं. मला पत्ताच नव्हता.

संपल्यावर ताईला गाठलं. सभोवती माणसंच माणसं. तिच्या केसांतलं एक जळमट काढलं आणि गाडी पकडायला पळालो.

तुझा, आणि कानांनी शाबूत,
भुंग्या


४ मे

चि. भुंग्यास,

आशीर्वाद, आणि जळमट काढल्याबद्दल आभार. दुसरं राहिलं होतं, ते घेऊन मी अध्यक्षांबरोबर फोटो काढला.

बाकासमोर आरसा असतो हे तू विसरलास. त्यात मला सभागृह दिसतं. तू अर्धा उठलेला मला दिसलास. खरं सांगते, त्या क्षणी वाटलं, आला, सुटले. मग कुलूप आठवलं. आणि तू येशील त्याची वाट बघत बसले तर मी पुन्हा कधीच काही स्वतः करणार नाही, असं वाटून उठले. आत काय अंधार असतो रे! ती शिडी हलते हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

त्या दिवसापासून घरात पाय ठरत नाही. लोक येतात, छान झालं म्हणतात. वर्तमानपत्रात चांगलं आलं आहे. मला त्यातलं काही पुरत नाही. इतकी वर्षं वाजवते आहे आणि मीही बाकावरूनच ऐकते. तिथून काय ऐकू येतं ते तू आईला सांगितलंस. हो, कार्यक्रम झाल्यावर तिने मला सगळं सांगितलं, तिला बोलू नकोस.

तेव्हा तू सांग. गोड बोलायला माझ्याकडे माणसं आहेत. बाराव्या रांगेतून मी कशी वाजवते?

ताई


१५ मे

ती. ताईस,

सा. न. तुझं पत्र खिशात घालून फिरलो. चार वेळा लिहायला बसलो, चार वेळा उठलो. विचारलंस म्हणून लिहितो.

ताई, तू घाई करतेस.

पहिल्या दोन रचनांत मला काही कळेना, कारण एक सूर सभागृहात फिरून यायच्या आत तू त्याच्यावर दुसरा घालत होतीस. सगळे दारात गर्दी करून उभे, कुणालाच आत येता येत नव्हतं. आणि आतून आल्यावर तू धापा टाकत होतीस म्हणून थांबलीस. दम पुरत नव्हता म्हणून सावकाश वाजवलंस. तेव्हा एकेक सूर पूर्ण माझ्यापर्यंत आला. आपली ताई एवढं सुंदर वाजवते हे मला इतक्या वर्षांनी कळलं, आणि तेही शिडी चढून तुला दम लागला म्हणून.

आणखी एक. तुझ्याशेजारी उभा असताना मला जन्मभर वाटत आलं की मी मागे पडतो. मी मागे पडत नव्हतो. तू पुढे पळत होतीस.

पुढच्या कार्यक्रमाला येईन. मुठींना नाही, तुझे कान म्हणूनही नाही. तिकीट काढून येईन, दोन काढावी लागतील. मावशीला सांगू नकोस, तिला आपलं म्हणणं खरं ठरल्याचा फार त्रास होतो, म्हणजे आपल्याला होतो.

राग आला तर येऊ दे. माझं प्रेम बाराव्या रांगेत बसलेलं आहे, उठून जाणार नाही.

भुंग्या


२ जून

चि. भुंग्यास,

आशीर्वाद, उशिराने.

तुझं पत्र वाचून संतापले. फाडलं नाही, पण टेबलावर उलटं ठेवलं. तुला तीन पत्रं लिहिली आणि एकही टाकलं नाही. पहिल्यात तुझ्या कानांबद्दल होतं, दुसऱ्यात तुझ्या फ्रेमांबद्दल. तिसरं लिहिताना लक्षात आलं की वाक्य संपायच्या आत मी पुढचं सुरू करते आहे. पेन ठेवून दिलं.

काल दुपारी सभागृह रिकामं होतं. केबिनकाकांना घेऊन गेले आणि बाकावर बसायला सांगितलं. ते घाबरले, म्हणाले त्यांचं काम उभ्याने करायचं आहे. मी म्हटलं, एकच मूठ ओढा आणि एकच पट्टी दाबा, कुठलीही, मी हात वर केला की सोडा. खाली येऊन तुझ्या जागेवर बसले. हात वर केला. पट्टी सोडतो आहे असं त्यांनी मोठ्याने सांगितलं आणि सोडली.

भुंग्या, सूर गेला नाही. त्यांचं बोट हवेत होतं, मला दिसत होतं, आणि सूर तसाच छताखाली. मग तो माझ्या मागून आला. मग बारीक झाला. संपला असं वाटून मी उठायला गेले, तर संपलेला नव्हता. पुन्हा दाबायला लावली. पुन्हा. काकांनी विचारलं की अजून किती वेळा. मी म्हटलं, आणखी एकदा.

एवढी वर्षं मी त्या सुराच्या अंगावर पुढचा सूर टाकत आले. कोपर मारत आले म्हण.

दिवे घालवायला माणूस आला आणि दारात किल्ल्या वाजवत उभा राहिला. मी त्याला म्हटलं, जरा थांबा. असं मी कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. तोही बसला, काका बाकावर, मी खाली, आणि शेवटचा सूर आम्ही तिघांनी पूर्ण जाऊ दिला.

माया आहे. उत्तराची घाई नाही.

तुझी ताई